साथीची पहिली वर्दी

श्वासावाटे पसरणारी साथ एखाद्या शहरात शिरते तेव्हा तिची पहिली वर्दी सरकारी दप्तरात पोहोचत नाही आणि मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातही ती प्रथम उमटत नाही. ती उमटते गल्लीतल्या खासगी दवाखान्यात, संध्याकाळच्या गर्दीत, तीन दिवसांच्या ताप-खोकल्याच्या रूपाने, आणि बहुतेक वेळा औषधाच्या चिठ्ठीबरोबरच ती तिथून नाहीशी होते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांनी गेल्या सव्वाशे वर्षांत प्लेगपासून कोविडपर्यंत ज्या साथी सोसल्या, त्यांचा इतिहास एका दृष्टीने या हरवलेल्या वर्दीचाच इतिहास आहे. रोगसर्वेक्षणाची यंत्रणा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. कायदे आहेत, प्रयोगशाळा आहेत, संगणकप्रणालीही आहेत. परंतु ज्या माणसाला साथ सर्वांआधी दिसते त्यालाच उंबरठ्याबाहेर ठेवून ही सारी उभारणी झालेली आहे, आणि जोवर त्याला सन्मानाने आत घेतले जात नाही तोवर पुढची साथही आपल्याला उशिराच कळणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

उशिराचा हिशेब साधा आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसू लागतात, आणि एका रुग्णापासून दुसरा रुग्ण तयार होण्यास साधारणतः तीन दिवस पुरतात. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून तक्ता भरावा, तो वरच्या कचेरीत जावा, तिथे त्याचा मेळ घातला जावा आणि मग कोणा अंमलदाराने त्यावर नजर टाकावी, एवढ्या अवकाशात संसर्गाच्या तीन-चार पिढ्या उलटून गेलेल्या असतात. एकापासून दोघांना लागण होते असे केवळ हिशेबापुरते धरले, तरी चौथ्या पिढीत एकाचे सोळा आणि शंभरांचे सोळाशे होतात. शंभर रुग्णांचा शोध घेणे एखाद्या महानगरपालिकेला शक्य असते. सोळाशेंचा शोध घेईपर्यंत त्यांनी आणखी किती जणांना आजारी केले याची गणतीच संपते.

कल्याणला साथीच्या पाळतीचा पहिला अनुभव आला तो 1897 साली. त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या खासगी व्यवसाय करणाऱ्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला आणि हा प्लेग आहे असे निर्भयपणे सांगितले. त्यांच्या निदानावर प्रथम शंका घेतली गेली. पण ते खरे ठरले. पुढे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि रेल्वेच्या नाक्यानाक्यांवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. मुंबईहून सुटणारा लोहमार्ग जिथे नाशिककडे आणि पुण्याकडे फुटतो त्या कल्याण स्थानकाचे महत्त्व सरकारने अचूक ओळखले होते, आणि म्हणूनच तिथे गाड्या थांबवून, माणसे उतरवून, नाडी आणि काखा-जांघा तपासण्याचा बंदोबस्त झाला. जागेची निवड बिनचूक होती, परंतु रीत सर्वस्वी चुकली. ज्या तपासणीच्या शेवटी मदत नसून ताटातूट, छावणी आणि जप्ती आहे, ती टाळण्याकडेच माणसाचा कल होणार; लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले, मृत्यू दडवले आणि रातोरात गावे गाठली. पुण्यात हा असंतोष कुठवर गेला हे प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या वधाने सर्वांना ठाऊक आहे. जुलमाने चालणारी पाळत स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेते, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती, आणि तरीही तिचा विसर पडून आपण 2020 साली इमारतींच्या दारांवर फलक ठोकले आणि रुग्णांची नावे मोबाइलवरून गावभर फिरू दिली.

1918 ची इन्फ्लुएन्झाची मानमोडी ही मात्र खऱ्या अर्थाने श्वासाची साथ होती. जूनच्या 10 तारखेला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीस होता. महायुद्धाच्या त्या दिवसांत गोदीत सैनिकांची जहाजे लागत होती, आणि शिपायांच्या तापाकडे पाहून कोणी त्या जहाजांची विचारपूस केली असती तर पुढचे सारे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण शहराला काही दिवसांची उसंत मिळाली असती. पहिली लाट सौम्य होती म्हणून ती विस्मरणात गेली. सप्टेंबरात दुसरी आली, आणि 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यूंची नोंद झाली. जी रेल्वे मुंबईतून 1853 मध्ये ठाण्याला आणि पुढल्याच वर्षी कल्याणला पोहोचली होती, तिच्याच डब्यांतून ती साथ घाट चढून देशावर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आदल्या दशकापेक्षा कमी भरली. त्या काळच्या सरकारजवळ साथ मोजण्याचे मुख्य साधन होते मृत्यूंची नोंदवही, आणि मृत्यूंवरून साथ ओळखणे म्हणजे तिने आपले काम पुरे केल्यावर तिचा पंचनामा करणे होय. विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यासच 1933 साल उजाडले, तेव्हा त्या पिढीला फारसा दोष देता येत नाही.

आपल्या पिढीची गोष्ट निराळी आहे. 1952 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएन्झावर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभे केले, आणि त्याच वर्षी पुण्यात, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून जी नावाजली आहे, त्या संस्थेची स्थापना झाली. म्हणजे जगातल्या उत्तम विषाणुशास्त्रज्ञांपैकी काही जण ठाण्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावर बसलेले आहेत. 2004 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरायचा एक नमुना, डॉक्टरने संभाव्य निदानावरून भरायचा दुसरा आणि प्रयोगशाळेने भरायचा तिसरा अशी त्याची रचना झाली, आणि अलीकडे हे सारे संगणकावर जवळजवळ रोजच्या रोज भरण्याची तजवीजही झाली आहे. दहा दिवसांच्या आत सुरू झालेला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आणि त्यासोबत खोकला असेल तर तो फ्लूसदृश आजार, आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले तर तो तीव्र श्वसनदाह, इतकी सुटसुटीत व्याख्या उपलब्ध आहे. कागदावर पाहता उणीव कुठेच दिसत नाही.

उणीव दिसते ती डोंबिवली पूर्वेला, संध्याकाळी साडेआठनंतर, कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. मुंबईहून येणाऱ्या गाड्या एकामागून एक रिकाम्या होत असतात, आणि ऑफिसची बॅग खांद्यावरून न उतरवताच माणसे बाकड्यावर नंबर लावून बसतात. आत गेलेला रुग्ण सांगतो, "डॉक्टर, अंग नुसतं मोडून निघालंय, घसाही धरलाय, पण उद्या कामावर गेलंच पाहिजे." डॉक्टर छातीला नळी लावतात, केस पेपरवर ताप, खोकला, तीन दिवस असे चार शब्द लिहितात, गोळ्या देतात आणि "दोन दिवसांत उतरला नाही तर परत या" असे बजावून पुढच्या नंबराला हाक मारतात. त्या एका संध्याकाळी त्यांनी असे चाळीस-पन्नास रुग्ण पाहिलेले असतात, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या सरावाने त्यांना हेही जाणवलेले असते की या आठवड्याचा ताप नेहमीचा नाही. तो लवकर उतरत नाही, घरातल्या सगळ्यांना एकदमच पाडतो, आणि तरण्याताठ्या माणसालाही धाप लावतो. ही जाणीव म्हणजेच साथीची पहिली वर्दी. ती फार तर शेजारच्या डॉक्टरला फोनवर सांगितली जाते, केस पेपर खणात जातो, आणि दवाखान्याचे शटर खाली येते.

मग हा डॉक्टर महापालिकेला का कळवत नाही? त्याला बेजबाबदार ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. नमुना भरण्यास जो वेळ लागतो तो त्याच्या झोपेतून जातो. त्याबद्दल मोबदला तर नाहीच, पण साधी पोचही नाही. कळवले तर आपल्या दवाखान्यावर तपासणीची धाड पडेल, रुग्ण घाबरून दुसरीकडे जातील, इमारतीतले लोक नाक मुरडतील, ही धास्ती त्याने कोविडच्या काळात प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कळवून त्याला काही परत मिळत नाही. आपल्या प्रभागात या आठवड्यात काय चालले आहे, हा फ्लू आहे की कोविड, एच1एन1 आहे की एच3एन2, ऑसेल्टामिविर हे औषध सुरू करावे की थांबावे, या प्रश्नांची उत्तरे जर त्याला दर शनिवारी मोबाइलवर मिळाली, तर तो माहिती देईल. कारण मग ती देवाणघेवाण होईल. आजची व्यवस्था त्याच्याकडून फक्त मागते. राज्यात 2017 मध्ये स्वाइन फ्लूने सातशेहून अधिक माणसे दगावली. 2022 च्या पावसाळ्यात ठाण्यातही मृत्यू झाले. त्या आजारावरचे औषध पहिल्या दोन दिवसांत दिले तरच पुरते लागू पडते, आणि ते दोन दिवस रुग्ण याच डॉक्टरच्या हाती असतो.

डोंबिवलीचे नाव या विषयात सर्व देशाने ऐकले ते डिसेंबर 2021 मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी 24 नोव्हेंबरला नव्या विषाणुरूपाची खबर जगाला दिली, 26 तारखेला त्याचे ओमिक्रॉन असे नामकरण झाले, आणि 4 डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण म्हणून डोंबिवलीच्या एका प्रवाशाचे निदान जाहीर झाले. हा प्रवासी केपटाऊनहून दुबईमार्गे दिल्लीला उतरला तो 23 तारखेला, म्हणजे जगाला खबर लागण्याच्या आदल्या दिवशी. महापालिकेने त्याच्या संपर्कातील माणसे शोधून तपासण्याचे काम तत्परतेने केले, आणि त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु नमुना घेतल्यापासून जनुकीय क्रमनिर्धारणाचा निष्कर्ष हाती येईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि ओमिक्रॉनच्या वेगापुढे अकरा दिवस म्हणजे एक युग होते. ज्या देशाने प्रामाणिकपणे पहिली वर्दी दिली त्याच्यावर प्रवासबंदी लादून जगाने त्याची जी परतफेड केली, ती पाहता पुढच्या खेपेला एखादा देश तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करील. डोंबिवलीतल्या डॉक्टरची भीती आणि दक्षिण आफ्रिकेची व्यथा या एकाच जातीच्या आहेत.

वर्दी मिळूनही तिच्यावर कृती न होणे हा याहून गंभीर दोष, आणि त्याचा दाखला विदर्भाने दिला. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत रुग्ण अकस्मात वाढले. 22 तारखेला अमरावतीत टाळेबंदीही लागली. 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील 15 ते 20 टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने आढळल्याचे जाहीर केले. त्याच विषाणुवंशाची एक शाखा पुढे डेल्टा म्हणून जगभर गेली. एप्रिलमध्ये ठाणे-कल्याणात प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी माणसे रात्रभर धावत होती, म्हणजे अमरावतीच्या इशाऱ्यानंतर आपल्याजवळ किमान सहा आठवडे होते. इशारा मिळाल्यावर कोणी, किती तासांत, काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर इशाऱ्याचे रूपांतर चर्चेत होते, आणि चर्चा साथीपेक्षा नेहमीच मंद चालते.

या शहरांची आणखी एक अडचण आहे, ती हद्दीची. ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर अशा सहा महानगरपालिका, शिवाय अंबरनाथ आणि बदलापूर या नगरपालिका. प्रत्येकीचा आरोग्य विभाग वेगळा, तक्ता वेगळा. माणूस झोपतो डोंबिवलीत, काम करतो अंधेरीत, त्याची बहीण राहते कळव्यात, आणि या तिन्ही ठिकाणांच्या मधला दीड तास तो ज्या डब्यात उभा असतो त्या डब्यात दुसऱ्याचा श्वास चुकवणे अशक्य असते. मे 2020 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत नोकरीस जाणाऱ्यांनी तिकडेच राहावे, असा हुकूम काढला आणि विरोधानंतर तो मागे घेतला. त्या हुकुमाला निर्दय म्हणणारे बरोबरच होते. पण त्यामागचे निरीक्षण खरे होते की रोगाची वाट रुळांवरून येते. निरीक्षण खरे असूनही उपाय खोटा ठरला, कारण रुग्णाच्या नोंदीत त्याचे निवासस्थान असते, कामाचे ठिकाण आणि प्रवासाची वेळ नसते. आणि जी माहिती घेतलीच नाही तिच्या अभावी सरकारला फक्त दार लावून घेता येते.

काही विद्वानांना वाटते की आता या सगळ्याची गरज उरलेली नाही. माणसे मोबाइलवर काय शोधतात, सांडपाण्यात विषाणूचे किती अंश सापडतात, यावरून साथ कळेल. मी यंत्रांचा विरोधक नाही. सांडपाण्याच्या तपासणीने पोलिओच्या लढ्यात मुंबईत 2001 पासून मोलाची मदत केली, आणि 2020 मध्ये नेदरलँड्समधील अमर्सफोर्ट या गावी रुग्णांची नोंद होण्यापूर्वीच गटारात कोरोनाचा माग लागला होता. परंतु जिथे मलनिःसारणाचे जाळे अपुरे आहे त्या आपल्या वस्त्यांत हे साधन अर्धवटच चालेल. गूगलने 2008 मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लू वर्तवण्याचा मोठा प्रयोग केला. 2012-13 च्या मोसमात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये तो बंद पडला. आमच्याकडे तर खोकल्याची कारणे विषाणूपुरती मर्यादितही नाहीत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा उग्र दर्प, रस्त्यांच्या खोदकामाची धूळ, आणि कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीला वारंवार लागणाऱ्या आगींचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षे छातीत घेतला, त्यांच्या खोकल्यातून साथीचा खोकला वेगळा काढणे हे यंत्राचे काम नव्हे. ते त्यांना ओळखणाऱ्या डॉक्टरचे काम आहे.

यावर आक्षेप येईल की खासगी डॉक्टरांच्या सांगण्यावर किती विसंबायचे, त्यांतले कित्येक आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत, आणि त्यांच्या वर्द्यांतल्या दहापैकी नऊ खोट्या निघतील. नऊ खोट्या निघोत. नऊ वेळा चार-पाच स्वॅब घेण्याचा खर्च आणि एकदा चुकलेल्या साथीचा खर्च यांची तुलना कोणत्याही लेखापालाने करून पाहावी. फ्रान्समध्ये 1984 पासून काही डॉक्टर स्वेच्छेने दर आठवड्याला फ्लूचे रुग्ण कळवतात. ते देशातले सगळे डॉक्टर नसतात, असण्याची गरजही नसते, कारण पाहायची असते ती वाढ, एकूण बेरीज नव्हे. आणि मोठ्या साथी कोणाच्या ध्यानी आल्या? वुहानमध्ये 27 डिसेंबर 2019 रोजी डॉ. झांग जिशियान यांनी एकाच कुटुंबातील तिघांच्या फुप्फुसांची छायाचित्रे पाहून वरिष्ठांना कळवले. हनोईत 2003 मध्ये कार्लो उर्बानी या इटालियन डॉक्टरने सार्सचा धोका ओळखून जगाला सावध केले, त्याच्या सूचनेवरून व्हिएतनामने लगेच पावले उचलली आणि सार्समुक्त होणारा तो पहिला देश ठरला. उर्बानी स्वतः मात्र त्याच रोगाने 29 मार्चला गेला. मांडवीच्या व्हिएगसांपासून ही एक अखंड परंपरा आहे, आणि तिच्यातला प्रत्येक जण रुग्णाच्या खाटेशी उभा असलेला डॉक्टर होता.

शिवाय हे आपल्याकडे होऊ शकते याचे प्रमाण बाहेर शोधायला नको. क्षयरोग 2012 मध्ये कळवणे बंधनकारक झाले, पुढे कळवणाऱ्या खासगी डॉक्टरला मानधनही मिळू लागले, आणि नोंदी वाढल्या. कोविडच्या पहिल्या वर्षी कल्याण-डोंबिवली महापालिकेने शहरातल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन डॉक्टर आर्मी उभी केली, फॅमिली डॉक्टरला तापाच्या रुग्णांच्या शोधात भागीदार केले, आणि या कामासाठी तिला केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेत वाराणसीबरोबर कोविडविषयक पुरस्कार मिळाला. ज्या शहराने हे करून दाखवले त्याने साथ ओसरताच ती सवय मोडू द्यावी, हे मला अत्यंत खेदाचे वाटते. संकटात जमलेली माणसे शांततेत सांभाळणे हे संकटात ती जमवण्यापेक्षा अवघड आहे, पण महापालिकेचे आरोग्य खाते याच अवघड कामासाठी असते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आयुक्तांना माझी विनंती आहे की येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे फ्लूचा जुलै ते सप्टेंबरचा मोसम सुरू होण्याआधी, त्यांनी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखांशी बसून प्रत्येक प्रभागात पाच-सहा दवाखाने निवडावेत. रोज रात्री त्या दवाखान्यांनी फक्त दोन आकडे कळवावेत: आज एकूण रुग्ण किती, आणि त्यांत ताप-खोकल्याचे किती, रुग्णाचे नाव नको, पत्ता नको. प्रमाण ठरलेल्या रेषेवर गेले की 24 तासांत महापालिकेचा माणूस त्या दवाखान्यात स्वॅब घेण्यास पोहोचला पाहिजे, पुण्याहून आलेला निष्कर्ष त्याच डॉक्टरला प्रथम कळला पाहिजे, आणि शेजारच्या पाच महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तो त्याच दिवशी गेला पाहिजे. आणि डॉक्टरांना विनंती ही, की या आठवड्याचा ताप नेहमीचा नाही असे ज्या संध्याकाळी मनात येईल, त्या संध्याकाळी दवाखाना बंद करण्यापूर्वी एक फोन आरोग्य विभागाला करा.